अक्कांचं काम

माझ्या नवऱ्याचं नाव प्राणेश. आठ वर्षांच्या संसारात मी ते तोंडाने कधी घेतलं नाही. लिहिताना मात्र घेते, आणि एकेरीत लिहिते. एवढी सूट घ्यायला मला आता कुणाला विचारावंसं वाटत नाही.

लग्न होऊन मी धारवाडहून बंगळूरला आले ती एकसष्ट साली. घर मल्लेश्वरमला अकराव्या क्रॉसवर. घरात तिघंच: प्राणेश, मी आणि सासूबाई. पुढे प्रतिमा झाली. सासरे आप्पाजीराव सेक्रेटरिएटमध्ये हेडक्लार्क होते, ते मी येण्याआधीच गेले होते. सासूबाईंचं नाव वसुमती, पण सगळी गल्ली त्यांना अक्का म्हणायची. पोटचा मुलगाही अक्काच म्हणायचा, म्हणून मीही तेच म्हणू लागले. एक बारीक, ताठ बाई. आवाज कधी चढायचा नाही. पहाटे उठून अंघोळ, देव, मग स्वयंपाक. गुरुवारी राघवेंद्रस्वामींच्या मठात. कुणी थट्टा केली तर डोळ्यांनी हसायच्या, ओठांनी नाही.

प्राणेश कॉलेजात इंग्रजी शिकवायचा. पण त्याचा जीव होता सिनेमात. आमच्या घरापासून बसने पंधरा मिनिटांवर, रेल्वे फाटकाजवळ, ज्योत्स्ना टॉकीज नावाचं छोटं थेटर होतं. मालक देवाप्पा, मूळचा निपाणीकडचा. नवे सिनेमे मोठी थेटरं पळवायची, देवाप्पाला कुणी द्यायचं नाही. त्यालाही त्याची खंत नव्हती. तो आपल्या आवडीने जुनी चित्रं आणायचा आणि महिन्याचा तक्ता स्वतःच्या हाताने लिहून फाटकाला लावायचा. सोमवारी जुनं कन्नड, बुधवारी मराठी संतपट, शुक्रवारी कुठलं तरी परदेशी. दोनशे खुर्च्या. त्या भरायच्या नाहीत, पण जे यायचे ते पुन्हा पुन्हा यायचे. रविवारी सकाळी दहाचा खेळ चित्रमंडळाचा, आणि मंडळाचा चिटणीस प्राणेश.

दर रविवारी खेळाआधी तो पडद्यासमोर उभा राहून दहा मिनिटं बोलायचा. मी तिसऱ्या रांगेत बसायचे. त्याचं अर्धं बोलणं मला कळायचं नाही, पण अंगावर काटा यायचा. आपला नवरा असं काही बोलू शकतो, आणि लोक वळून आपल्याकडे बघतात, याचा मला गर्व होता. तो खोटा होता असं आजही म्हणवत नाही.

एकदा त्याने एक युरोपातलं चित्र लावलं. त्यात एक तरुण बाई नदीत आंघोळ करते. दुसऱ्या दिवशी मठातले भीमाचार्य घरी आले. दूरचे नातलग, वयाने मोठे. म्हणाले, "प्राणेशा, आप्पाजीचा मुलगा तू. हे काय दाखवतोस पोरांना?"

प्राणेश शांतपणे म्हणाला, "आचार्य, ती कला आहे. बाईच्या अंगात घाण नसते, बघणाऱ्याच्या नजरेत असते."

भीमाचार्य कॉफी न घेता उठून गेले. अक्का स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. मुलाकडे त्या कितीतरी वेळ बघत राहिल्या. मला वाटलं, रागावल्या. कारण अक्का कधी सिनेमाला यायच्या नाहीत. संतपटालासुद्धा नाही. त्यांच्या सोवळ्यात ते बसत नसेल, असं आम्ही सगळ्यांनी धरून चाललो होतो.

चौसष्टच्या डिसेंबरात देवाप्पाला एक घबाड सापडलं. होसकोटेला एका फिरत्या तंबू-सिनेमावाल्याचं गोदाम मोडत होतं, तिथून त्याने गंजलेल्या डब्यांतली चार रिळं उचलून आणली. मूकपट होता. पहिली रिळं गेलेली, त्यामुळे नावही कळत नव्हतं. पण मधल्या पाट्या कन्नड आणि इंग्रजीत होत्या, आणि मागे दिसणारे दगड, तळी, रस्ते बंगळूरचे होते. म्हणजे पस्तीसेक वर्षांपूर्वी इथे कुणीतरी काढलेलं चित्र.

प्राणेशला जेवण सुचेना. दिल्लीहून एक बडे गृहस्थ जानेवारीत येणार होते. सरकार सिनेमाविषयी कसलीशी समिती नेमत होतं आणि माणसं निवडायचं काम त्यांच्याकडे होतं. त्यांच्यासमोर हे चित्र लावायचं प्राणेशने ठरवलं. रात्री पानावर बसल्या बसल्या तो मला सांगत होता. अक्का हुळी म्हणजे आमटी वाढत होत्या.

"पोरगी कोण आहे कुणाला ठाऊक नाही," तो म्हणाला. "मी अजून बघितलं नाही. देवाप्पा म्हणतो, पंधरासोळाची असेल."

अक्कांची पळी भांड्यावरच थांबली. "विहीर आहे का त्यात?" त्यांनी विचारलं.

"कसली विहीर?"

"काही नाही. जुन्या चित्रांत असायची म्हणे विहीर." असं म्हणून त्या आत गेल्या. प्राणेशचं लक्षही नव्हतं. माझं होतं.

दोन दिवसांनी दुपारी आम्ही दोघी मागच्या पायरीवर अवरेकाळू, म्हणजे ओले पावटे, सोलत बसलो होतो. दाण्याचं दुसरं साल चिमटीत दाबून काढायचं काम, हात हिरवे होतात आणि तोंडं मोकळी राहतात. अक्का खाली बघतच म्हणाल्या, "नीरजा, त्या चित्रात मी आहे."

मला वाटलं मी काहीतरी भलतंच ऐकलं.

मग त्यांनी सांगितलं. त्यांचे वडील नाटक कंपन्यांचे पडदे रंगवायचे. एकतीस साली शहराबाहेरच्या एका बागेत सिनेमा कंपनी उतरली, तिथे त्यांना काम मिळालं. मद्रासहून आणलेल्या मुलीला देवी आल्या आणि चित्र अडलं. माहेरी अक्कांचं नाव रत्ना. ती रोज बापाचा डबा घेऊन जायची. कुणीतरी तिला उन्हात उभं करून बघितलं. बाप म्हणाला, भर दुपारी, माझ्या डोळ्यांदेखत काम, त्यात काय वाईट?

"तोंडाला पिवळा रंग फासायचे," अक्का म्हणाल्या. "ओठांनासुद्धा. आरशात बघून मी रडलेच. पण तो कॅमेरावाला म्हणाला, चित्रात छान दिसशील. चाळीस दिवस काम केलं. शेवटी मी विहिरीत उडी घेते. आत मचाण बांधलं होतं, तरी गुडघा फुटला. हे बघ." त्यांनी लुगडं जरा वर करून गुडघ्यावरचा वण दाखवला. असं त्यांनी पूर्वी कधी केलं नव्हतं.

"मग?"

"मग तुझ्या सासऱ्यांचं स्थळ आलं. बाबांनी काही लपवलं नाही. हे म्हणाले, हरकत नाही, पण पुन्हा कधी तोंडातून काढायचं नाही. लग्नात नाव बदललं. रत्नाने काम केलं होतं, वसुमतीने नाही. बाबांनी दोन फोटो दिले होते ते यांनी माझ्यादेखत चुलीत घातले. मला सांगून घातले."

चित्र लागलं तेव्हा त्या नव्या नवरी होत्या. जाहिरातीची बैलगाडी ताशा वाजवत दारावरून गेली. अक्का वाटण वाटत होत्या. त्यांच्या सासूने उठून खिडकी लावून घेतली.

"म्हणजे तुम्ही ते कधी बघितलंच नाही?"

"नाही." त्यांनी टोपलीतले दाणे हाताने सारखे केले. "तेहतीस वर्षं झाली. मी कशी दिसत होते, बरं केलं की वाईट, काहीच ठाऊक नाही. एकदा बघायचंय मला. रविवारी तू जाशील तेव्हा मलाही ने. प्राणेशला आत्ता नको सांगू. आधी मी बघते, मग मीच सांगेन."

मी त्यांच्या हातावर हात ठेवून शब्द दिला.

आणि त्याच आठवड्यात मी तो मोडला. माझं मन वाईट नव्हतं. प्राणेश त्या अनोळखी मुलीवर भाषण लिहीत बसला होता. 'ती कोण होती, तिचं पुढे काय झालं' असं काहीतरी. मला राहवेना. वाटलं, याच्यासारख्या माणसाला आपली आई कलावंत होती हे कळलं तर तो नाचेल. हा आनंद आपल्या हाताने त्याला द्यावा. मी सांगितलं.

तो नाचला नाही. लेखणी खाली ठेवून म्हणाला, "हे आणखी कुणाला माहीत आहे?"

"कुणाला नाही."

"सरी, ठीक आहे. कुणाला सांगू नकोस."

दुसऱ्या दिवशी कॉलेजातून तो थेट ज्योत्स्नाला गेला. देवाप्पाने त्याला एकट्याला चारही रिळं लावून दाखवली. परत आला तो अक्कांसमोर जाऊन बसला.

"अक्का, नीरजाने मला सांगितलं," तो म्हणाला.

अक्कांनी माझ्याकडे बघितलं. एकदाच. ती नजर मी अजून विसरले नाही.

"मी चित्र बघून आलो," तो पुढे म्हणाला. "त्यात तू नाहीस. तुझं काम त्यांनी तेव्हाच कापलेलं दिसतं. लग्नानंतर आजोबांनीच सांगितलं असेल कंपनीला."

"एकाही ठिकाणी नाही?"

"एखाद्या ठिकाणी पाठमोरी असशील. चेहरा कुठे नाही."

"विहीर?"

"विहीरही नाही."

अक्का म्हणाल्या, "असू दे. तरी मी येते रविवारी. बरोबरची माणसं तरी दिसतील. तो नायकाचं काम करणारा बिचारा फार चांगला होता, मला गुळाची चिक्की आणून द्यायचा."

"जरा गर्दी असेल. दिल्लीचे पाहुणे आहेत. तुला त्रास होईल."

"कोपऱ्यात बसेन," अक्का म्हणाल्या.

रविवारी सकाळी ज्योत्स्ना पहिल्यांदा भरलेलं बघितलं. कॉलेजची मुलं, प्रोफेसर, वर्तमानपत्रवाले. भीमाचार्यही आले होते, जुनं बंगळूर बघायला मिळणार म्हणून. अक्का धुवट इरकली नेसून आल्या होत्या आणि कानात मोत्याच्या कुड्या घातल्या होत्या. मी त्यांना शेवटच्या रांगेत कडेला बसवलं आणि शेजारी बसले. माझ्याशी त्या बोलल्या नव्हत्या असं नाही, पण कामापुरतंच.

प्राणेश बोलायला उभा राहिला. त्या दिवशी तो नेहमीपेक्षाही छान बोलला. आपल्या देशात जुनी चित्रं कशी उकिरड्यावर जातात, फिल्मवरच्या चांदीसाठी रिळं कशी धुतात, काढणाऱ्यांची नावं कशी पुसली जातात, आणि जे उरलं ते डोळ्यांत तेल घालून जपणं हे आपलं कर्तव्य कसं आहे. टाळ्या वाजल्या. दिल्लीचे पाहुणे मान डोलावत होते.

दिवे गेले. पडद्यावर पांढरे ओरखडे पावसासारखे पडू लागले आणि माणसं भराभर चालू लागली. मागे मुलं हसली. नायक बागेत आला. झाडाखाली थांबला. समोर बघून त्याचा चेहरा उजळला. लगेच पुढच्या क्षणी तो एका खोलीत डोकं धरून बसलेला. मग रस्त्यावर धावणारा. मग एका आईचं रडणं. मग तो पुन्हा त्याच झाडाशी, गुडघे टेकून कुणाची तरी क्षमा मागताना. कुणाची, कशाबद्दल, ते चित्रात कुठेच नव्हतं. दर थोड्या वेळाने चित्र टचकन उडायचं.

पहिल्यांदा तो झाडाखाली थांबला तेव्हा अक्का पुढे वाकल्या. चित्र उडलं तशा मागे टेकल्या. दुसऱ्यांदा उडलं तेव्हा त्यांनी माझं मनगट धरलं. तिसऱ्यांदा सोडलं. त्यानंतर त्या शेवटपर्यंत हलल्या नाहीत.

खेळ विसेक मिनिटांत संपला. दिल्लीचे पाहुणे उठून इंग्रजीत बोलले. मला समजलं ते असं: "या अनामिक दिग्दर्शकाचा संयम बघा. अपराध दाखवलाच नाही. मुलगी दाखवलीच नाही. दाखवला तो फक्त पश्चात्ताप. युरोपलाही हे तेव्हा सुचलं नव्हतं." पुन्हा टाळ्या. प्राणेश त्यांच्या शेजारी उभा होता. त्याने मान खाली घातली. लोकांना तो विनय वाटला.

परतताना बसमध्ये गर्दी नव्हती. अक्का खिडकीशी बसल्या. दोन स्टॉप गेल्यावर म्हणाल्या, "त्या झाडाखाली मी उभी होते. तो हसून बघतो ना, ते माझ्याकडे."

मी तिकिटं घडी करून मुठीत धरली.

"कंपनीने कापलं असतं तर त्याचं ते बघणंही ठेवलं नसतं, नीरजा. त्यांना गोष्ट सांगायची होती. चित्र तीन आठवडे चाललं होतं. असलं तुटकं चित्र कोण बघेल?"

"अक्का, मला खरंच ठाऊक नाही."

"तुला ठाऊक नसेल," त्या म्हणाल्या. "मला कळलं." आणि बाहेर बघत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी प्रतिमाला शेजारी ठेवून मी ज्योत्स्नाला गेले. देवाप्पा तिकीटखिडकीमागे विड्या वळल्यासारखी तिकिटांची पुस्तकं बांधत होता. मला बघून उभा राहिला. "बसा की वैनी," म्हणाला. पण तोंड पडलेलं होतं.

"चार रिळं होती ना तुमच्याकडे?" मी विचारलं.

"चार हुती. काल लावली ती दीड." तो खुर्चीत बसला. "माजी भन वारली म्हनून मी निपाणीला गेलतो चार दीस. किल्ली सरांना दिऊन गेलतो, आपलाच मानूस म्हनून. सरांनी बसून कापलं सगळं. रविवारी सकाळी येऊन बगतो तर डबं हलकं. मी विचारलं, सर ह्ये काय? तर म्हनाले, कडंची भोकं फाटलेली फिल्म हुती, मशिनीत अडकून पेट घेतला असता."

"फाटलेली होती?"

"कशाची फाटलेली. मी तुमच्या सरांना लावून दावली न्हवं ती? एकदाबी अडकली न्हाई." त्याने बांधलेली पुस्तकं बाजूला सारली. "त्या पोरीचं तेवडं काडलं बगा. तिचंच तेवडं. आन काय काम करत हुती ती! तोंडातनं सबूद न्हाई, नुसतं डोळ्यानं. हिरीत उडी घ्यायच्या आदी ती मागं वळून बगती. मी तीस वर्सं चित्रं लावतोय वैनी, मला रडू आलं."

"कापलेलं कुठे आहे?"

"मागल्या आवारात जाळलं त्यांनी. ती जुनी फिल्म, दारूसारखी पेटती. राखबी उरत न्हाई."

"देवाप्पा," मी म्हटलं, "ती मुलगी म्हणजे माझ्या सासूबाई."

तो खुर्चीतून उठला. मग म्हणाला, "काल शेवटच्या रांगेत बसल्या हुत्या त्या? मी त्यांना पानी इचारलं. त्या नको म्हनाल्या." आणि त्याने गळ्यातल्या पंच्याने तोंड पुसलं.

संध्याकाळी अक्का शेजारी गेल्या होत्या. प्राणेश कॉलेजातून आला, बूट काढत होता. मी तिथेच विचारलं, "तुम्ही कापलंत?"

त्याने नाही म्हटलं नाही. म्हणाला, "देवाप्पा बडबडला वाटतं."

"अक्कांनाही कळलंय. मी नाही सांगितलं. चित्र बघूनच कळलं."

तो खाली बसला. एक बूट पायात, एक हातात. "तू बघितलेलं नाहीस ते, नीरजा. मी बघितलं. तो माणूस तिचा पदर ओढतो. ती ओल्या साडीत आहे. पुढे दोनशे माणसं, माझे विद्यार्थी, भीमाचार्य. उद्या सगळ्या मल्लेश्वरमात झालं असतं, प्राणेशची आई."

"भीमाचार्यांना तुम्हीच सांगितलं होतं ना, घाण बघणाऱ्याच्या नजरेत असते म्हणून?"

"ती परकी बाई होती," तो म्हणाला.

म्हटल्यावर त्यालाच ते ऐकू आलं असावं. त्याने बूट खाली ठेवला. "मी तिची अब्रू राखली. वडिलांनी आयुष्यभर राखली, मी एका रविवारी घालवू?"

"मग चित्र लावायचंच नव्हतं. परत द्यायचं होतं देवाप्पाला."

"दिल्लीचे लोक यायचे होते. पत्रं गेली होती."

म्हणजे त्याला दोन्ही हवं होतं. मी त्याच्याकडे बघत होते आणि मला तो पहिल्यांदा सामान्य दिसला. वाईट नाही, सामान्य. ते जास्त लागलं.

"त्यांचं काम कसं होतं, एवढं तरी सांगा," मी म्हटलं. "त्यांना तेवढंच कळून घ्यायचं होतं."

त्याने दुसऱ्या बुटाची नाडी सोडली. "चांगलं होतं," म्हणाला. मग तो बूट काढत, "फार चांगलं होतं. त्या चित्रात दुसरं बघण्यासारखं काही नव्हतंच."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी अक्कांना ते सांगितलं. देवाप्पाचं बोलणंही सांगितलं, मागे वळून बघण्याचं. शब्द मोडल्याची क्षमाही मागितली. त्या तांदूळ निवडत होत्या. ऐकता ऐकता त्यांचा हात मंदावला.

"मागे वळून बघायचं कुणी सांगितलं नव्हतं," त्या म्हणाल्या. "ते मीच केलं. कॅमेरावाला ओरडला, पण राहू दिलं त्यांनी." त्यांचे डोळे भरले नाहीत, उलट चकाकले. मग त्यांनी विचारलं, "प्राणेश काय म्हणाला? फार चांगलं?"

"हो. असंच म्हणाले."

"मग मला का नाही म्हणाला?"

त्यांनी सूप उचललं आणि आत गेल्या.

त्यानंतर घरात भांडण असं झालं नाही. अक्का त्याला पूर्वीसारखंच वाढायच्या, ताक हवं का विचारायच्या. तोही उत्तर द्यायचा. पण संध्याकाळी कॉलेजातून येऊन तो स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी पाट घेऊन बसायचा, दिवसभराचं सांगायचा, ते बंद झालं. अक्कांनी बंद केलं की त्याने, सांगता येणार नाही. देवाप्पा एकदा घरी येऊन अक्कांच्या पाया पडला. त्याने मंडळाला रविवारचा खेळ देणं थांबवलं होतं. अक्कांनी त्याला कॉफी दिली आणि निपाणीच्या बहिणीच्या घरच्यांची चौकशी केली. चित्राचा विषय त्याने काढला तसा त्यांनी हात वर करून थांबवला.

पुढच्या वर्षी प्राणेशला दिल्लीचं बोलावणं आलं. समितीवर नेमणूक झाली. आम्ही बिऱ्हाड हलवलं. अक्का आल्या नाहीत. म्हणाल्या, मला मठ आहे, शेजार आहे. स्टेशनवर त्यांनी प्रतिमाची पापी घेतली, माझ्या पाठीवर हात फिरवला. प्राणेश वाकला तेव्हा त्याच्या डोक्यावरही हात ठेवला, जसा कुणाच्याही डोक्यावर ठेवावा तसा.

सदुसष्टच्या हिवाळ्यात दिल्लीत एका सभागृहात जुन्या चित्रांचा महोत्सव होता. बंगळूरहून मागवलेली ती दीड रिळं तिथे दाखवली. प्राणेशने त्यावर निबंध वाचला. 'अनुपस्थित नायिका' असं त्याचं नाव होतं. निबंध गाजला. शेवटी प्रश्न विचारायची वेळ आली. मागून एक तरुण मुलगी उठली, विद्यार्थिनी असावी. तिने विचारलं, "मुलगी चित्रात दिसत नाही हे खरं, पण नायक कुणाकडे तरी बघतोय. समोर कुणीतरी उभी असणार. ती कोण होती, काही कळलं का?"

प्राणेशने चष्मा काढून पुसला. "दुर्दैवाने त्याविषयी काही माहिती मिळत नाही," तो म्हणाला.

मी दुसऱ्या रांगेत होते. माझ्या तोंडात वाक्य तयार होतं. तिचं नाव रत्ना, ती बंगळूरला मल्लेश्वरमात राहते, जिवंत आहे. इतकं सोपं. मी खुर्चीच्या हातांवर जोर देऊन अर्धी उठलेदेखील. शेजारच्या बाईंनी पाय आवरून घेतले, मला बाहेर जायचं असेल असं वाटून. प्राणेशने वरून बघितलं. त्याच्या नजरेत दटावणी असती तर मी बोलले असते. पण तो घाबरला होता. प्रतिमाला ताप असताना घाबरतो तसा.

मी बसले.

पुढचा प्रश्न कुणीतरी प्रकाशयोजनेविषयी विचारला. चहाच्या वेळी लोक येऊन मला म्हणाले, तुमचे यजमान किती अभ्यासू आहेत. मी हो म्हटलं. त्या रविवारी अक्कांना पत्र लिहायला बसले. प्रतिमाला शाळेत घातलं, इथे थंडी फार आहे, अवरेकाळू मिळत नाहीत, असं दोन पानं लिहिलं आणि खाली सही केली.

त्यांचं उत्तर आठ दिवसांनी आलं. मठातली, शेजारची, सगळ्यांची खुशाली होती. मलाच उद्देशून होतं, प्राणेशचं नाव त्यात कुठे नव्हतं.